सोळा पानांचं शुद्धिपत्र

खरं सांगा, एखाद्या काल्पनिक राज्यात विहीर खणणाऱ्याची पोरगी कुदळ घेऊन अजगराकडं निघाली, तर ती शेवटी राजकन्या निघणार हे तुम्ही कितव्या पानावर ओळखता?

मला ते दोनशे अकराव्या पानावर कळलं, आणि कादंबरी माझीच होती.

अकोल्यात प्रकाशन सोहळा चालला होता. मी स्टेजवर उभी राहून शेवटचं प्रकरण वाचत होते. माझ्या हातात माझे स्वतःचे टाइप केलेले कागद होते. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. त्यांच्या मांडीवर नवं कोरं पुस्तक उघडं होतं, चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोट ओळीवर. मी दुसरं पान उलटलं आणि बाबा म्हणाले,

"थांब वं."

माईकची गरज नव्हती. हॉल छोटा होता.

हे "थांब" काय असतं ते आधी सांगते. बाबा अमरावतीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधीच्या चुका शोधणारे. त्यांच्या छापखान्यात एक पद्धत होती. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवत जायचं. ऐकलेलं आणि छापलेलं जुळलं नाही की बोटवाल्यानं म्हणायचं, थांब. दोघांपैकी कुणी कितीही मोठा असो, थांब म्हटल्यावर थांबायचं.

सातव्या वर्षापासून घरी वाचणारी मी होते. कारण बाबा घरीही पत्रकं आणायचे. इतर घरांत गोष्टीची पुस्तकं असतील. आमच्याकडं सोळापानी पुस्तिका होत्या: नवसानं मूल होत नाही, हुंडा का घेऊ नये, मुलींना शिकवा. बाबा त्या छापून घ्यायचे आणि जयंतीला, मेळाव्याला सतरंजीवर मांडून बसायचे. मी मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट. "माणूस जन्मानं नव्हे स्वल्पविराम कर्मानं ओळखावा पूर्णविराम." शाळेत मी वाचन स्पर्धेत पण असंच वाचलं. बक्षीस मिळालं नाही.

लोक विचारतात, पत्रकांच्या घरातली पोरगी फॅन्टसी का लिहिते? अहो, ज्या गावात कुणी कुणाला जात विचारत नाही, अशा गावाचं वर्णन मी आठव्या वर्षी एका पुस्तिकेत वाचलं. त्याहून मोठी फॅन्टसी मी अजून लिहिलेली नाही.

माझी कारकीर्द इथूनच सुरू झाली. कॉलेजात असताना मी एका दिवाळी अंकाला बोलणाऱ्या अजगराची कथा पाठवली. संपादकांचा फोन आला. माझं आडनाव वाचून त्यांचा आवाज हळवा झाला होता. "छान लिहिता. पण तुमच्याकडून आम्हाला आत्मकथन अपेक्षित होतं. तुमचं दुःख लिहा ना."

मी म्हटलं, "सर, माझं बरं चाललंय. अजगराचं दुःख चालेल का?"

नाही चाललं. पुढच्या दोन अंकांनीही जवळपास हेच सांगितलं. माझं दुःख बाजारात इतकं चढ्या भावानं मागितलं जातंय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग मी कादंबरी लिहायला घेतली. आमचं मूळ गाव भातकुलीकडं, खारपाणपट्ट्यात. तिथं कितीही खोल खणा, विहिरीला पाणी खारटच लागतं. मी तसंच एक राज्य रचलं. सगळ्या विहिरी खाऱ्या, फक्त एका डोहात गोडं पाणी, आणि त्या डोहावर एक म्हातारा अजगर. जो येईल त्याला तो कूळ विचारतो. राजघराण्याचं असेल त्यालाच पाणी. विहिरी खणणाऱ्याची मुलगी, धुरपी, त्याच्याकडं जाते. शेवटी अजगर तिला विचारतो, "तुझं कूळ कोणतं?" आणि ती म्हणते, "मी इथवर खणत आले. तुझ्या डोहाखालचा झरा आता माझ्या विहिरीत आहे. तू कशावर बसलायस ते बघ."

हे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. बाकीची पानं त्या वाक्याकडं जाणारा रस्ता होती.

प्रकाशक मिळाले अकोल्याचे राजाभाऊ. त्यांचा धंदा शाळेच्या गाइडांचा. पोरांना गोष्टीही वाचायला द्याव्यात असं त्यांच्या मनात आलं होतं. माणूस सरळ. हस्तलिखित हातात तोलून त्यांनी विचारलं, "ताई, याच्यात महत्त्वाचे प्रश्न कोणते?"

मी म्हटलं, "एकच. पाणी कुणाचं?"

"चांगला आहे. पाच मार्काचा."

त्यांनी करार पुढं केला, मी सही केली. नीट वाचला नाही. पत्रकांच्या घरात करार नसतो. मजकूर द्यायचा, प्रूफ वाचायचं, छापायचं. त्या कागदात "प्रकाशकास आवश्यक वाटतील ते संपादकीय बदल" असं काहीतरी होतं. मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ असेल.

संपादनासाठी राजाभाऊंनी पुण्याच्या एक मॅडम नेमल्या होत्या. मॅडम फोनवरच भेटल्या. प्रुफं पीडीएफमध्ये येऊ लागली, एकेक फर्मा करून. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. पुस्तक चौदा फर्म्यांचं होतं. तेरा फर्मे मी तपासले. चौदावा आला नाही. फोन केला तर राजाभाऊ म्हणाले, "तो मॅडमकडं आहे. दोन ओळी खाली-वर होतील फक्त. तुमी टेन्शन घेऊ नका."

मी टेन्शन घेतलं नाही. घेतलं ते बाबांनी. रोज जेवताना एकच प्रश्न.

"शेवटला फर्मा आला काय?"

"येईल बाबा."

"मोठ्यानं वाचाले बस, मी बोट ठेवतो."

"बाबा, आता पीडीएफचा जमाना आहे. तसं कुणी वाचत नाही."

"म्हनूनच इचारून राहिलो."

तर असं करत आम्ही सोहळ्याला पोचलो. पुस्तकं चकचकीत कागदात, त्यावर रिबन. प्रमुख पाहुणे निवृत्त शिक्षणाधिकारी होते. त्यांनी माझ्या पुस्तकाचं विज्ञानकथा म्हणून कौतुक केलं आणि पाणी अडवा, पाणी जिरवा यावर अर्धा तास बोलले. मग राजाभाऊंनी जाहीर केलं की लेखिका शेवटचं प्रकरण वाचून दाखवतील. प्रकाशनाच्या दिवशी कुणी शेवट सांगत नाही, हे मी त्यांना आधीच म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं, शेवटच्या धड्याला मार्क जास्त असतात.

बाबांनी दारातल्या टेबलावरून एक प्रत विकत घेतली होती. मुलीचं पुस्तक फुकट घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मी वाचायला लागले आणि त्यांचं बोट आपोआप ओळीवर गेलं.

"थांब वं."

मला वाटलं, काना-मात्रा असेल. "काय चुकलं, बाबा?"

"तू काय वाचलं?"

"अजगरानं विचारलं, तुझं कूळ कोणतं."

"इथं तो इचारतच नाही." बाबांनी पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं आणि त्या सपाट, प्रुफाच्या आवाजात वाचलं. "अजगराची नजर धुरपीच्या खांद्यावरील चंद्रकोरीच्या खुणेवर खिळली स्वल्पविराम आणि त्याने मस्तक लववले पूर्णविराम. राजकन्ये स्वल्पविराम हे जल तुझेच आहे पूर्णविराम."

हॉलमध्ये ज्यांच्याकडं पुस्तक होतं त्यांनी रिबन सोडायला सुरुवात केली. कागदाचा आवाज सगळीकडून आला. मी स्टेजवरून उतरले, बाबांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पुढचं वाचलं. म्हाताऱ्या राणीची हरवलेली मुलगी. दासीनं विहीर खणणाऱ्याच्या झोपडीत ठेवलेलं बाळ. सोळा पानं नवी लिहिली होती. माझं ते एक वाक्य कुठंही नव्हतं.

बाबा हळूच म्हणाले, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. "पानी रगतानंच भेटते, हे सांगाले तू तीन वर्सं लिहून राहिली होती काय?"

मुखपृष्ठावर नाव माझंच होतं. आमच्या आजीला ज्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, ती विहीर मी आता राजकन्येच्या नावावर करून दिली होती, माझ्या सहीनिशी.

हॉलमागच्या खोलीत राजाभाऊंनी मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

मॅडम शांत होत्या. "हे बघ, फॅन्टसीचं एक व्याकरण असतं. नायिका कुणीतरी असावी लागते."

"ती आहे ना कुणीतरी. विहीर खणते."

"तसं नाही गं. वाचकाला उंची हवी असते."

"मॅडम, माझी नायिका खाली खणत जाते. उंची कुठून आणू?"

"तू फार मनाला लावून घेतेस. शिवाय मी तो सामाजिक मुद्दा ठेवलाय. राजकन्या शेवटी सगळ्यांना पाणी वाटते."

"दया म्हणून."

"मग वाईट काय त्यात?"

मॅडमना खरंच कळत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांनी माझ्या धुरपीवर उपकार केला होता. तिला वर उचललं होतं. ती जिथं उभी होती ती जागाच कमी प्रतीची, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही दिसत नव्हतं.

फोन बंद झाल्यावर राजाभाऊंनी कपाळ पुसलं. "मी काय वाचून राहिलो ताई? मी गाइडवाला माणूस. पण सही तुमची आहे. पुस्तकं बांधून तयार आहेत. आता काय करता?"

"पुस्तकावरचं माझं नाव काढा."

"नाव काढून पुस्तक कोण घेईन?"

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर वसतिगृहात राहणाऱ्या चार-पाच मुली उभ्या होत्या. हातात पुस्तकं. पुढची म्हणाली, "सर, ताईनं अर्धवट सोडलं. अजगरानं कूळ विचारलं, मंग ती काय म्हणते?"

मी सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं.

तिनं हातातलं पुस्तक राजाभाऊंच्या टेबलावर ठेवलं. "आमाले ते पायजे. हे वापस घ्या." बाकीच्या मुलींनीही पुस्तकं त्यावर रचली. त्यांच्यामागं आणखी लोक येऊन थांबले होते.

राजाभाऊंनी त्या ढिगाकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा व्यावसायिक तेज दिसलं. "ताई, आमच्या गाइडात दरवर्षी एखादं उत्तर चुकते. आम्ही काय पुस्तक फेकतो काय? शुद्धिपत्र टाकतो."

शुद्धिपत्र म्हणजे चुकीची दुरुस्ती छापलेली चिठ्ठी. पुस्तकात सरकवायची.

मी म्हटलं, "राजाभाऊ, चूक सोळा पानांची आहे."

"मंग शुद्धिपत्र सोळा पानांचं."

दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले, "सोळा पानं म्हंजे पुस्तिका झाली. ते काम आपल्याले येते."

तीन दिवसांत अमरावतीला ती छापली. मी मोठ्यानं वाचलं, बाबांनी बोट ठेवलं. दोनदा थांब म्हणाले. दोन्ही वेळा चूक माझी होती. वर ठळक अक्षरात छापलं: "पृष्ठ २०९ ते २२४ ऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे." तळाशी बाबांनी त्यांच्या प्रत्येक पत्रकावर असते ती ओळ टाकली: वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या.

राजाभाऊ त्या ओळीवर अडले. "असं लिहिलं तर दुसरा इकत कावून घेईन?"

"पुस्तकावर नाही लिहिलं," बाबा म्हणाले. "चुकीच्या दुरुस्तीवर लिहिलं. चूक झाकून ठेवता काय?"

राजाभाऊंना हे पटलं नाही, तरी छापलं गेलं. अकोला-अमरावतीच्या दुकानांतल्या प्रतींत ते सोळा पानी शुद्धिपत्र आम्ही स्वतः बसून सरकवलं. बाहेर गेलेल्या पहिल्या गठ्ठ्यात मात्र ते नाही. त्यातल्याच एका प्रतीवर एक परीक्षण आलं. त्यात चंद्रकोरीच्या खुणेला "थक्क करणारी कलाटणी" म्हटलं आहे. मीही थक्क झाले होते, तेव्हा मत खोटं म्हणता येत नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: करार मोठ्यानं वाचावा, कुणालातरी बोट ठेवायला बसवावं, आणि शेवटचा फर्मा आल्याशिवाय जेवू नये. आता दुसरी कादंबरी चालू आहे. राजाभाऊच छापणार आहेत. नव्या करारात बदलांच्या कलमापुढं बाबांनी पेन्सिलीनं "थांब" लिहिलं होतं. ते कलम आता नाही.

तुमच्याकडं एक काम आहे. माझं पुस्तक तुमच्या किंवा तुमच्या गावातल्या वाचनालयाच्या कपाटात असेल, तर पान दोनशे अकरा उघडा. चंद्रकोर दिसली आणि सोबत शुद्धिपत्र नसेल, तर ज्या दुकानातून ते पुस्तक आलं तिथं जाऊन सोळा पानं मागा. ती पानं एका मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा आणि छापील पुस्तकावर तुम्ही बोट ठेवा. जिथं जुळणार नाही, तिथं थांब म्हणा. आणि वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या.