राजाला परत आणणारे सुभेदार

इंग्लंडच्या गादीवर बसल्यावर पहिल्याच भाषणात मी सुभेदार मान्यांच्या विमानाच्या तिकिटाची बातमी फोडली. समोर त्यांची मुलगी बसली होती.

गादी अर्थातच खोटी. केंब्रिजजवळच्या आमच्या गावात दर मे महिन्यात हौशी मंडळी हिरवळीवर इथल्या यादवी युद्धाचं नाटक करतात. एका राजाचं मुंडकं उडवलेलं, त्याचा मुलगा परदेशात, पार्लमेंट आणि फौज एकमेकांच्या उरावर. अशात एक सेनापती स्कॉटलंडहून फौज घेऊन निघतो. वाटेत जो तो विचारतो, तू राजाचा की पार्लमेंटचा? तो कुणालाच दाद देत नाही. लंडन हाती आल्यावर मात्र शांतपणे राजपुत्राला बोलावून गादीवर बसवतो. केसांचा टोप फक्त माझ्या डोक्याला बसला, म्हणून मी राजा. सेनापती माने काका. कारण नाटक बसवणाऱ्या मार्गारेटबाईंच्या मते गावात धड चालता येणारा तेवढा एकच माणूस होता.

काका कराडकडचे, भारतीय फौजेतून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलीकडे, वैशालीकडे, येऊन राहिले. रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा बुटांना पॉलिश करून जात. त्या सेनापतीवर त्यांचा फार जीव. "लढाईच केली नाय गड्यानं," ते म्हणत. "नुसता चालला आणि गप्प बसला. आमच्यातले निम्मे साहेब बोलून फसले."

काकांना कायमचं कराडला परतायचं होतं. आधी दोनदा त्यांनी तसं सांगून पाहिलं. दोन्ही वेळा वैशालीनं जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली, ब्लड टेस्ट निघाल्या, आणि जाणं राहिलं.

"आप्पा, तिथे तुम्हाला बघायला कोण आहे?"

"इथं मला सगळे बघतात. मी कुणाला बघू?"

म्हणून या खेपेला तिकीट माझ्या घरी, माझ्या लॅपटॉपवर काढलं. त्या सेनापतीसारखाच कुणाला थांग लागू दिला नाही; मुलीला वाटू दिलं की राहणार, जावयाला वाटू दिलं की कधीतरी जाणार. "विमानतळावरनं तिला फोन करीन," काका मला म्हणाले. "तोवर तुम्ही तोंडानं फक्त जेवायचं."

नाटकात काका माझ्यापुढे गुडघ्यावर बसले, मी त्यांना उठवलं, आणि भाषण विसरलो. विसरलो की मी थांबत नाही, हा माझा जुना रोग. परक्या देशात दिवस काढलेल्या माणसाला घराची ओढ कशी असते, यावर मी इंग्रजीत सुटलो. उदाहरण हवं म्हणून म्हणालो, "हा माझा सेनापतीच बघा, गुरुवारी मुंबईच्या विमानात बसतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली उठून कारकडे गेली. काका ओठ न हलवता म्हणाले, "महाराज, बसा आता खाली."

संध्याकाळी माफी मागायला गेलो, तर बापलेक किचनमध्ये समोरासमोर.

"सगळ्या गावाला माहीत, आणि मला नाही?"

"तू रडली असतीस," काका म्हणाले. "मग मी थांबलो असतो."

त्यावर ती रडलीच. मी मागच्या मागे निघालो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गाव त्यांच्या दारात. कुणी कार्ड आणलं, कुणी मोजे. मार्गारेटबाई लेमन केक घेऊन आल्या आणि वैशालीचा हात धरून म्हणाल्या, "हाऊ लव्हली, ही इज गोइंग होम." अख्ख्या गावानं निरोप दिलेल्या माणसाला ब्लड टेस्टला कसं नेणार? बुधवारी वैशालीनंच त्यांची बॅग भरली, गोळ्यांच्या पाकिटांवर मराठीत 'सकाळ', 'रात्र' लिहून.

हीथ्रोला आम्ही दोघं सोडायला गेलो. वैशालीनं खूप वेळ त्यांचा हात सोडला नाही. मला काही सुचेना, म्हणून मी बोललो, "बघा काका, शेवटी माझ्या चुकीनंच काम झालं की नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाले, "त्या मार्गारेटबाईंना सांग, पुढच्या वर्षी यांना राजा करू नका. घोडा करा. घोड्याला भाषण नसतं."