सतराव्या प्रकरणातली माफी

हे गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. आज दोन माणसांना ठाऊक आहे, आता तुम्हालाही सांगते.

माझी कादंबरी वाचली असेल, तर सतरावं प्रकरण तुम्हाला आवडलं असणार. सगळ्यांना आवडतं. बागायतदाराची लाडावलेली मुलगी कामाच्या बाईच्या दारात जाते आणि चारचौघांसमोर आपली चूक कबूल करते. वाचक विचारतात – हे स्वतःचंच ना? मी म्हणते, थोडंफार. थोडंफार म्हणजे किती, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

लाडावलेली मी होते, ते मात्र पुरतं खरं. देवगडला आमची हापूसची बाग, आणि मी एकुलती एक. बाविसाव्या वर्षापर्यंत स्वतःचा चहा केला नव्हता. माशाचे काटे आई काढून द्यायची – हो, बाविसाव्या वर्षीही. हसा खुशाल. मीही हसते, आणि लोकांना हसवत हसवत खरी गोष्ट टाळते.

आमच्याकडे पेट्या भरायला शेवंताकाकी होती. आंबा तळहातावर घेतला की तिला आतलं कळायचं. बाबा तिची पेटी कधी उघडून बघत नसत. एका सकाळी तिने आंबे निवडून दोन ढीग केले – एक चांगल्यांचा, एक झाडावरून पडून आतून मार लागलेल्यांचा – आणि ती जेवायला गेली. माझं कानातलं त्या ढिगांत पडलं. मी दोन्ही ढीग उपसले, कानातलं सापडलं, आणि आंबे हाताला येतील तसे परत दोन ढिगांत लोटले. मिसळले, हे दिसलं का मला? दिसलं. पण मैत्रिणी तारकर्लीला जायला थांबल्या होत्या. काकी परत आली तेव्हा टेम्पोवाला घाई करत होता. सकाळी निवडलेलेच आंबे ते – तिने पुन्हा न बघता भरले.

आठवड्याने मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, अर्धे आंबे आतून काळे. बाबांनी काकीला विचारलं. ती गोंधळून गेली. मी तिथेच होते. गप्प बसले असते तरी – पण मी बोलले. म्हणाले, “काकीला हल्ली कमीच दिसतं, बाबा.”

का बोलले? सुचलं म्हणून. इतकं सोपं होतं ते.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिला कलमांना पाणी घालायला लावलं. तिने पुन्हा पेटीला हात लावला नाही. बाजारात मासेसुद्धा ती नातीला बघायला सांगायची. “माझे डोळे गेले गो,” म्हणायची.

मी बदलले, ते खरं आहे. बाबांची कंबर धरली, मी बागेत उतरले, फवारणी शिकले, पेट्या भरायला शिकले. चहाही बरा करते. मग कादंबरी लिहिली, आणि जी माफी मागायला मला वाडीतल्या वाडीत चालत जाता आलं नाही, ती नायिकेला मागायला लावली.

गेल्या आठवड्यात काकी अंगणात आली. नातीने तिला पुस्तक वाचून दाखवलं होतं.

“बरा लिवलंस,” ती म्हणाली. “त्या बायलेचा बरा झाला. तिची चूक नाय होती.” तिने स्वतःकडे बोट केलं. “माझी होती.”

मग मी सांगितलं. कानातल्यापासून सगळं, उभ्या उभ्या.

“म्हणजे माझे डोळे बरे होते?”

“बरे होते.”

ती हसली – मोकळं, मोठ्यांदा – आणि मध्येच थांबली. “आता ह्या सगळा तुझ्या बापाशीक सांग. माझ्यासमोर.”

बाबा ओटीवर होते. सांगितलं. ते उठले आणि काकीसमोर हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काकी पुन्हा पेट्यांवर आहे. तिच्याभोवती बायकांची थट्टामस्करी चालते, शेड दणाणून जाते. मी आत गेले की ती तेवढी गप्प होते. म्हणून मी बाहेरच पेट्यांना खिळे ठोकत बसते. तिचं हसू तिथपर्यंत ऐकू येतं.