औषध लागलं

कुंभार पिंपळगावच्या एका कृषी सेवा केंद्रात मला बोलावलं होतं, दुकानातल्या लोकांना एआय नीट वापरायला शिकवा म्हणून. 'नीट' हा शब्द माझा. शेठना फक्त 'जल्दी' हवं होतं. शेतकऱ्यांचे मेसेज दिवसभर दुकानाच्या मोबाइलवर यायचे आणि त्यांना उत्तरं द्यायची शेतकी शिकलेली एक मुलगी. हुशार, चटपटीत. जालन्याहून आलेल्या मास्तरवाचून तिचं काही अडलं नव्हतं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

खताच्या पोत्यांना टेकून मी नेहमीचं पुराण लावलं होतं की मशीनचं उत्तर वाचल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला. तिनं तो मेसेज एआयला दिला, आलेलं उत्तर पाठवलं आणि बघा किती पटकन झालं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. वाचलंस का, मी विचारलं. वाचलं की सर, म्हणाली, शुद्धलेखन बराबर आहे.

माझं डोकंच फिरलं. मोबाइल मागून घेतला. एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, 'औषध लागलं वाटतं. गरगरून राह्यलंय, हात थरथरून राह्यले. काय करू?' मशीननं गोड मराठीत कळवलं होतं, की आपल्याला औषध लागू पडत आहे ही आनंदाची बाब आहे, सुरुवातीला थोडी चक्कर येऊ शकते, भरपूर पाणी प्या आणि शांत झोप घ्या.

आमच्याकडे औषध म्हणजे पिकावर फवारायचं. ते लागलं म्हणजे अंगात भिनलं, विषबाधा झाली. हे तिला मी सांगायची गरज नव्हती, तिच्या घरीही हीच भाषा. मोबाइल तिच्यासमोर धरला, आणि तिनं तो मेसेज आत्ता पहिल्यांदा वाचला.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दुकानातली गिऱ्हाईकं सौदा सोडून जवळ सरकली. शेवटी त्याच्या बायकोनं उचलला. ते झोपलेत, म्हणाली. उठवा, ही म्हणाली. त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "तुमच्याच दुकानातून आलंय ना, झोपा म्हनून? मंग झोपू द्या की."

मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण तिनं तो दिला नाही. "मावशी, ते चुकलंय. त्यांना औषध लागलंय. आधी उठवा."

बाईनं फोन तसाच खाली ठेवला असावा. ती हाका मारत होती ते आम्हाला ऐकू येत होतं. अहो, उठा. अहो. उत्तर नव्हतं. मला तेव्हा भीती वाटली. मग खोकल्याचा आवाज आला. मुलगी भराभरा सांगत सुटली, फवारणीचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या. शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला घनसावंगीच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला हे कळेपर्यंत आम्ही कोणीच दुकानातून हललो नाही. शिकवणी तिथंच राहिली.

ती पुरी करायला मी पुन्हा गेलो, तेव्हा योगायोगानं तो शेतकरीही आला होता. उतरलेला, पण चालता-बोलता. ताईंनी फोन केला म्हणून जगलो, असं भरल्या दुकानात सांगू लागला. शेठ खुलले. तिनं नुसतं हसून घेतलं असतं तरी चालण्यासारखं होतं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "झोपा म्हणून आधी मीच कळवलं होतं."

शेठनी डोळे वटारले. तो माणूस मात्र चिडला नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर म्या झोपलो नसतो, ताई."