चाकूची फिल्म आणि संत्र्यांची टोपली

सीताबर्डीच्या एका बोळात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या चंपतरावांनी एकोणीसशे सत्तरच्या सुमारास एक जुना आठ एमएमचा सिनेमा कॅमेरा घेतला आणि त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. कॅमेरा साधाच होता. चावी भरायची, बटण दाबायचं, आणि चावी उतरायच्या आत समोर जे काय व्हायचं ते होऊन जायला हवं. आवाज नाही, रंग नाही. तरी तो हातात धरला की चंपतराव शीळ घालत.

अडचण एवढीच की लोक या कॅमेऱ्यासमोरही फोटोला उभे राहतात तसे श्वास रोखून उभे राहत. पहिल्याच लग्नाच्या फिल्ममध्ये नवरा-नवरी आणि सगळं वऱ्हाड खांबासारखं ताठ. हलत होतं ते फक्त मांडवातलं कुत्रं. ती फिल्म पाहून चंपतरावांना हसता हसता उचकी लागली.

"हात चालवणारा माणूस पायजे," ते बायकोला, शामलाबाईंना म्हणाले.

तो माणूस मागच्याच गल्लीत होता. बळीराम लोहार ट्रकच्या मोडक्या कमानपट्ट्यांचे चाकू बनवी. त्याची बहीण तुळसाबाई रामटेकला असे, आणि तिचा नवरा गेल्यापासून तिथली भट्टी थंड होती. भाता चालवणं, घण मारणं तिला येत होतं. चाकूला पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं नेमक्या वेळी बुडवून कडक करणं, तेवढं मात्र नवऱ्याच्या हातात राहिलं होतं. ते जमलं तर भट्टी तिची. नाही तर होळी झाली की दीर मारोतराव ऐरण विकून टाकणार होता. भावाने तिला शिकवलं नाही असं नाही, पण बळीरामाची शिकवणी म्हणजे "हे असं" एवढीच. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचं डोकं फिरे आणि तिसऱ्यांदा विचारलं की तो पातं नि बहीण दोघांनाही टाकून चहाला निघून जाई.

"फिल्मले कितीही खेपा विचारा, ते चहाले जात नाही," चंपतराव म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके खूष झाले की त्याच दुपारी बळीरामाच्या अंगणात ऐरण उन्हात ओढून काम सुरू झालं.

बळीराम इस्त्रीचा सदरा घालून आला. कॅमेऱ्याकडे गोड पाहत त्याने घण उचलला तो थेट ऐरणीच्या कडेवर घातला.

"इकडे काहून पाहून राहिला गा? लोखंडाकडे पाह्य."

"मंग तोंड कसं येईन माह्यं?"

शामलाबाई चादर धरून उन्हाची तिरीप ऐरणीवर पाडत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तोंडाचं काय लोणचं घालायचं आहे? मागून काढा, खांद्यावरून. पाहणारीले ते हात आपलेच वाटले पायजेत."

चंपतरावांना हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून क्षणभर राग आला आणि लगेच पळाला. ते स्टुलावर चढले. ठिणगी पायजम्यावर पडली, स्टूल डगमगलं, पण हात हलला नाही. पट्टी तापली, लांबली, चपटी झाली, पाण्यात गेली, वाफ आली. इतकं सुंदर काम आपल्या हातून झालं याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

फिल्म धुऊन आल्यावर तुळसाबाईला नागपूरला बोलावलं आणि स्टुडिओच्या भिंतीवर चादर लावून ती दाखवली. बळीराम स्वतःच्याच हातांवर भाळला. तुळसाबाई मात्र कामाला लागली होती. ती पाही, आणि तिचे हात हवेत तसेच चालत. पुन्हा लावा म्हणे, चंपतराव पुन्हा लावत. शेवटी तिने विचारलं, "भाऊ, पातं बुडवायचं कवा? कोणता रंग आला म्हंजे?"

चादरीवर पातं राखाडी होतं. आग राखाडी, पाणी राखाडी, बळीरामही राखाडी. चंपतरावांनी ऊन सांभाळलं, खांदा सांभाळला, पायजमा जाळून घेतला, पण बिनरंगी फिल्ममध्ये रंग दिसत नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मटकन खाली बसले.

"लाल झालं का टाकायचं," बळीराम म्हणाला.

"कोणतं लाल, दादा?"

"लाल म्हंजे लाल."

आणि तो चहाला गेला. पण या खेपेस चंपतराव मागोमाग गेले, आणि त्यांच्या मागे बाकीची वरात. चहावाल्याकडची लाल मिरची बळीरामाच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "हे कच्चं हाय." टमाटर दाखवला. "हेही कच्चं." शामलाबाईंनी कपाळावरच्या कुंकवाकडे बोट केलं, समोरून एस.टी. गेली तीही दाखवली. बळीराम मान हलवत राहिला. मग बर्डीच्या नाक्यावर संत्रेवाली दिसली. मृगबहाराचा माल होता, गडद रंगाचा. बळीरामाने टोपलीत हात घातला, दोन-चार संत्री परत टाकली आणि एक उचलून सावलीत धरलं.

"हे. बाकीचे अजून भट्टीत पायजेत."

चंपतराव भर नाक्यावर नाचले. नवऱ्याला ओळखत नसल्यासारखं करून शामलाबाईंनी बळीरामाकडून तसलीच निवडून टोपलीभर घ्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या कडेला संत्रं ठेवून नवा तुकडा काढला. चादरीवर ते संत्रंही राखाडीच आलं, पण रामटेकच्या माणसाला संत्र्याचा रंग सांगावा लागत नाही, आणि नेमकं कोणतं संत्रं हे दाखवायला बळीरामाने निवडलेली संत्री सोबत होतीच. फिल्मचा डबा, प्रोजेक्टर आणि टोपली घेऊन सगळे रामटेकच्या बसमध्ये बसले. वाटेत टोपलीतलं एकही संत्रं चंपतरावांच्या पोटात जाऊ नये म्हणून शामलाबाई ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

होळीला फार दिवस उरले नव्हते. फिल्म पुन्हा पुन्हा पाहून झाल्यावर तुळसाबाईने भट्टी पेटवली आणि जाळीच्या पिशवीत एक संत्रं भट्टीशेजारी टांगलं. मारोतराव खाटेवर बसून पाहत होता. तिने पातं तापवलं, संत्र्याकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, पुन्हा आत घातलं. बळीरामाच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. चंपतरावांनी त्याचं मनगट दाबून धरलं. पातं पुन्हा बाहेर आलं, संत्र्याशेजारी क्षणभर थांबलं आणि पाण्यात गेलं. बळीरामाने धारेवर कानस ओढली, ती नुसती घसरली; पातं कानशीलाही दाद देईना इतकं कडक झालं होतं. त्याने कानस मारोतरावाकडे दिली. त्याच्याही हातात ती घसरली.

कडक पातं तुटू नये म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब देऊन, दगडावर घासून, मुठीला चिंधी गुंडाळून तुळसाबाईने पिशवीतलं संत्रं काढलं आणि एका झटक्यात त्याचे दोन भाग केले. एक दिराच्या हातावर ठेवला.

"खा भाऊजी."

मारोतरावाने खाल्लं. ऐरणीचा विषय मग कोणी काढला नाही.

चंपतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात टोपलीतलं संत्रं. आयुष्यात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता. शामलाबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हे सगळं काढलं का तुम्ही?"

चंपतरावांनी चिकट हाताने कॅमेरा चाचपला. चावी भरलेलीच नव्हती. ते कसंनुसं हसले.

तुळसाबाईने टोपलीतून दुसरं संत्रं निवडलं आणि पिशवीत टाकलं.

"त्यात काय भाऊ," ती म्हणाली. "मी पुन्हा करतो. तुम्ही चावी भरा."