विठानं झाडलेली जागा

पडदा वर जातो तेव्हा मोरिवलीजवळच्या जुन्या कबरस्तानात ऊन कलतंय. डावीकडे कोरीव दगडांच्या कबरी, अक्षरं झिजलेली. उजवीकडे कारखान्याची भिंत. मधोमध दोन दर्गे, थोरल्या पिराचा आणि त्याच्या शिष्याचा. आणि धाकट्या दर्ग्यामागे, हातात खराटा घेऊन, विठा.

नाटकाच्या दौऱ्याआधी मी इथे फुलांची चादर चढवायला येत असे, तेव्हापासूनची आमची ओळख. चाळीस वर्षं ती दर गुरुवारी झाडायला आली. शेतकऱ्याची सून दर्ग्यात कशाला, असं कुणी विचारलं की नवस आहे म्हणायची. मलाही खरंच वाटलं होतं. सोंग फक्त आम्हां नटांना जमतं, असा माझा समज.

नवस नव्हता. तिची पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली. एवढं लहान लेकरू आपल्या शेतात पुरायचं; पण शेत कारखान्याच्या कुंपणात गेलेलं. दर्ग्याची सेवा करणाऱ्या लतीफचाचांनी धाकट्या दर्ग्याच्या भिंतीमागे हातभर जागा दिली. खुणेला दगड ठेव, असंही म्हणाले. पण लेकराला नदीकाठी पुरलं, असं नवऱ्यानं आपल्या आईला सांगितलं होतं, म्हणून विठानं दगड ठेवला नाही. नुसती झाडत राहिली. तिथलं एकेक पातं हातानं उपटायची, खडासुद्धा राहू द्यायची नाही. पुढे नवरा गेला, सासू गेली, चाचाही गेले.

गेल्या गुरुवारी आम्ही गेलो तर त्या जागेवर नव्या कबरीची ताजी माती होती, उशाशी सब्जाचं रोप. चाचांचा मुलगा इस्माईल म्हणाला, “एवढी साफ जागा, मावशी. दगड नाय, गवत नाय. मी समजलो, जागा रिकामी हाय.”

तेव्हा तिनं आम्हां दोघांना सगळं सांगितलं.  इस्माईल म्हणाला, भिंतीत दगड बसवतो, मुलीचं नाव सांग. बारसंच झालं नव्हतं. नाव कुठलं सांगणार?

खणताना काही लागलं का, तिनं विचारलं. नुसती माती, तो म्हणाला.

मी रंगमंचावर किती आया उभ्या केल्या. एकीचंही वाक्य मला आठवेना.  मग विठानं तिथे कोण निजलंय ते विचारलं. उल्हासनगरची एक आजी, इस्माईल म्हणाला; डझनभर नातवंडं, सगळी रडत आली होती.

“मग राहू दे,” विठा म्हणाली. “माझे पोरीला येवढी वर्सं कुशीत घ्यायला कोनी नव्हतं.”