काकवीचं रक्त

काकवीचा डबा उघडला की माझी मान आजही खाली जाते. ढोकीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी मोबाइलवर भीतीचा सिनेमा काढला होता. त्यात भावाला मारणारी पोरगी झाली शेजारची पिंकी. रक्तासाठी काकवीत कुंकू मीच कालवून दिलं होतं. पण देवळापुढच्या पडद्यावर तिचे डोळे बघितले आणि मीच भ्याले.

नवरात्रात नऊ कुमारिकांचे पाय धुऊन त्यांना जेवू घालतात. त्या साली मी पिंकीला बोलावलंच नाही. तरी ती आली, नवा परकर घालून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"काकू, म्या घरूनच पाय धुतलेत. तुमी हात नका लावू."

"नऊ पोरी झाल्या गं. पुढच्या साली ये," मी म्हणाले.

आत आठ पोरी जेवत होत्या. नववं ताट दारातून दिसत होतं, आणि पिंकीला मोजता येत होतं.