जीप चालती आहे तोवर

माझ्या शिक्षणाचा निर्णय घरात झाला तेव्हा माझ्या मार्कांचा विषय कुणी काढलाच नाही. सगळी चर्चा जीपवर झाली.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी अकरावी पास झाले. कॉलेज सांगलीला. आमचं गाव माधवनगरच्या पलीकडं, दोन-अडीच कोसांवर. अंतर काही फार नव्हतं, पण आत्याच्या हिशेबी ते विलायतेइतकं होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडंच राहायची आणि घरात तिच्या शब्दावाचून चूलही पेटत नसे. तिनं साताऱ्याकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा फौजेत, घरी उसाची जमीन, शिवाय मिशा. मिशांचं ती फार सांगायची.

"पोरगी यष्टीत गड्यामानसांत हुबी ऱ्हानार व्हय?" आत्यानं विचारलं. "लोकं काय म्हनतील?"

वडील म्हणाले, "मी जीपनं सोडीन, जीपनं आणीन."

आजोबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. दोघांची तोंडं बंद करायची म्हणून त्यांनी निकाल दिला, "जीप चालती हाय तवर पोरगी शिकंल. जीप थांबली, की हिची आत्या म्हनंल त्या मांडवात हुबी ऱ्हाईल. झालं?"

सगळे खूश झाले. वडील खूश, कारण परवानगी मिळाली. आत्या जास्त खूश, कारण तिनं ती जीप पाहिली होती.

वडील फौजेत गाड्या चालवायचे. पेन्शनीत निघाल्यावर मिलिटरीच्या लिलावात त्यांनी ही जीप उचलली. सरकारनं जी गाडी टाकून दिली ती माझ्या बापानं हौसेनं घरी आणली आणि रोज सकाळी ते तिच्यासमोर असे उभे राहायचे, की आता सलाम ठोकतात की काय. जीप धूर सोडायची, खोकायची, चढावर उसासे टाकायची. माझं कॉलेज त्या खोकल्यावर अवलंबून होतं. मी मागच्या बाकड्यावर पुस्तक उघडून बसायची, पण लक्ष सगळं आवाजाकडं. इतकं कान देऊन मी कुठल्याही प्राध्यापकाचं कधी ऐकलं नाही.

दिवाळीच्या आधीच माधवनगरच्या गिरणीसमोर ठाण असा आवाज झाला आणि जीप थांबली. वडिलांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. इंजिनातला एक दांडा तुटून, लोखंडाला भगदाड पाडून बाहेर आला होता. मी रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं रडले. गिरणीची पाळी सुटली होती. येणारेजाणारे कामगार वडिलांना विचारत होते, "घरचं कोन गेलं का?"

घरी आत्यानं लगेच साताऱ्याला निरोप धाडायचं काढलं. वडील म्हणाले, "जीप काय मेली न्हाई. फक्त इंजन बदली करायचं."

"इंजन बदललं तर ती जीप तीच कशी?" आत्या म्हणाली. तर्कात तिला कुणी हरवलेलं नव्हतं.

हा प्रश्न आबांच्या मनात दोन दिवस घोळत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी खाली ठेवली. "बैल बदलला म्हनून गाडी दुसरी हुती व्हय?" आत्यानं माझ्या ताटात भात जरा जोरात वाढला.

मग मिरजेला इंजिन बघायला जायचं ठरलं. बघायला हाच शब्द होता. आमच्याकडं मुलगी बघतात, म्हैस बघतात, तसंच हे. आबांनी पटका बांधला, खांद्यावर धुतलेलं उपरणं टाकलं. वडील इस्त्रीच्या कपड्यांत. मला बरोबर घेतलं, कारण इंजिनावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शिदोरीही घेतली होती, पण ती रेल्वेतच संपली.

मिरजेच्या स्टेशनामागं जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. मालक पुण्याहून नुकताच आलेला, पांढऱ्या पँटीतला, फार गोड बोलणारा. आम्ही त्याला शेठ म्हटलं. त्यानं तीन इंजिनं ओळीनं मांडली होती. "एक नंबर अगदी नवीन, पेटीबंद. एकानं मागवलं आणि नेलं नाही. दोन नंबर खोलून, घासून, आत नवे पार्ट टाकून पुन्हा बांधलेलं. तीन नंबर वापरलेलं, जसं आहे तसं. तुम्ही नुसता नंबर सांगा, माल घरपोच."

वडिलांची नजर पेटीवरून हलेना. "आबा, नवंच घ्यायचं. कोरं."

"कोरं म्हंजे खोंड," आबा म्हणाले. "कवा मानेवर जू घेतलं न्हाई. हे बसंल का उधळंल, कोन सांगनार? जनावर घ्यावं ते कामात बघून."

मग ते दोन नंबरकडं वळले. त्याला छान रुपेरी रंग दिला होता. आबांनी भोवती एक चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला, बोट पाहिलं. बोटाला रंग लागला होता. "शिंगं रंगवून आनलेला बैल हाय ह्यो," ते वडिलांच्या कानात म्हणाले. ते कानातलं शेजारच्या दुकानातही ऐकू गेलं. तरी पारख करायची म्हणून त्यांनी शेठला विचारलं, "दात किती?"

शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

इंजिनाच्या मागच्या बाजूला मोठं चाक असतं, त्याच्या कडेला सगळीकडं दाते असतात. आबांना ते सापडले. आमच्याकडं बैल घेताना दात बघतात: दोन दात, चार दात, सहा दात, आणि आठ पुरे झाले, की जुळला. आबा मांडी घालून बसले आणि मोजू लागले. अर्धं चाक होईपर्यंत त्यांचा चेहरा बदलला. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "येवढं दात? ह्यो बैल न्हवं, सुसर हाय." दोन नंबर तिथंच बाद झाला.

तीन नंबर शेठनं लाकडी ओंडक्यांवर ठेवून सुरू करून दाखवलं. ते सुरू झालं खरं, पण तोंडानं भकभक करत होतं. "धापा टाकतंय," आबा म्हणाले. "आन ह्येचं आदीचं मालक कोन?" शेठनं सांगितलं, की ते तंबूतल्या सिनेमाच्या मालकाकडं होतं. त्यावर वीज तयार करायचे. गावोगावच्या जत्रांत ते वर्षानुवर्षं रात्रभर चाललं होतं, पण जागेवरच. स्वतःहून एक पाऊलही कधी पुढं सरकलं नव्हतं. वडिलांनी मला विचारलं, की असलं इंजिन आपल्या काय कामाचं. मी म्हटलं, माझ्या आत्याला विचारा, तिला फार आवडेल.

राहता राहिलं एक नंबर. आबांनी पेटीवर दोनदा हात आपटला आणि नाइलाजानं होकार दिला. खोंड तर खोंड. आता भाव.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. समोरच्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा आणि त्याची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना काही कळत नाही. मान हलली, की सौदा पक्का, आणि मग देव आला तरी मोडत नाही. आबांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या रीतीनं काही विकत घेतलं नव्हतं. त्यांनी उपरणं पसरलं, शेठचा हात आत ओढला आणि तीन बोटं घट्ट धरली. म्हणजे आपला भाव सांगितला.

शेठ आधी दचकला. मग त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला, की मला शंकाच आली. त्यानं जोरजोरात मान हलवली. "अहो, नक्की! नक्की!" म्हणाला आणि चहा मागवला. आबांनी इसाराचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि वडिलांकडं पाहून मिशीला पीळ दिला. एवढ्या सहज सौदा कधी जमला नव्हता.

चार दिवसांनी गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन टेंपोतून आलं. टेंपोवाल्यानं उरलेले पैसे मागितले ते आबांच्या अंदाजापेक्षा इतके कमी, की त्यांनी आत्याला हाक मारून अंगणात बोलावलं. "बघ. असा भाव पाडाया कॉलेजात शिकीवत न्हाईत." मग गोणपाट सोडलं. आत सिनेमावालं बसलं होतं.

शेठनं बोटांत भाव वाचलाच नव्हता. त्यानं नंबर वाचला होता. आबांनी तीन बोटं धरली, त्यानं तीन नंबर पाठवलं.

वडील तिथंच पायरीवर बसले. "आबा, आवं, म्हागारी धाडू. त्येला कळलंच न्हाई."

"हात दिला त्येनं. मान हालीवली." आबांचा आवाज बारीक झाला होता, पण वाकला नव्हता. "उपरन्याखालचा शबूद मोडायचा, तर मग ऱ्हायलं काय?"

मला आबांचा भयंकर राग आला. दोन दिवस मी त्यांना पाणी दिलं नाही. त्यांनी ते स्वतः घेतलं आणि मला काही बोलले नाहीत, म्हणून आणखी राग आला.

वडिलांनी ते इंजिन जीपमध्ये बसवलं. बसलं, चाललंही. पण दिवे मिचमिचू नयेत म्हणून त्याला एका ठराविक वेगानं पळवणारं काहीतरी यंत्र जोडलेलं होतं आणि ते काढलं, की इंजिन बंदच पडायचं. त्यामुळं आमची जीप चढावर, उतारावर, बाजारात, मोकळ्या रस्त्यावर एकाच चालीनं जायची. वडील कितीही पाय दाबोत. सायकलवाले पुढं जायचे, मागं वळून हसायचे. आणि सकाळी ती उठायला कुरकुर करायची. "त्येला रातच्या खेळाची सवं हाय," आबा समजूत काढायचे. संध्याकाळी परत येताना मात्र मजेत यायची. मी कॉलेजात लय उशिरा आणि घरी अगदी वेळेवर पोचायची. आत्याला यात तक्रारीला जागा सापडेना.

अशा रीतीनं मी शेवटच्या वर्षापर्यंत आले. साताऱ्याकडच्या मिशांचं लग्न मधेच कुठंतरी होऊन गेलं. आत्यानं दुसरं स्थळ काढलं, ते कराडकडचं. त्याच्या मिशांबद्दल ती काही बोलायची नाही, यावरून काय ते समजलं.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सिनेमावालं इंजिन वाड्याच्या दारात थांबलं. वडिलांनी सगळं करून पाहिलं. मग फडक्याला हात पुसत माझ्याकडं न बघता आत गेले. आत्या म्हणाली, "आबा, तुमीच बोलला हुतात. जीप थांबली. परवा कराडची मानसं येत्यात." तिचं चुकत नव्हतं. आबांनी शब्द दिला होता आणि शब्द मोडणारे आबा नव्हते, हे सिनेमावाल्याच्या वेळी मी पाहिलं होतं. मी पुस्तकं दप्तरात भरली, का ते मला माहीत नाही.

सकाळी अंगणात घुंगरं वाजली म्हणून बाहेर आले. जीपच्या पुढच्या बंपरला दोर बांधून आमची खिलारी जोडी जुंपलेली होती. बॉनेटवर घोंगडं अंथरून आबा बसले होते, हातात कासरा. स्टिअरिंगवर वडील, इस्त्रीचा शर्ट घालून, समोर बघत.

आत्या पायरीवर आली. "आबा, आवं, ही कसली जीप?"

"इंजन बदललंय," आबा म्हणाले. "बैल बदलला म्हनून गाडी बदलत न्हाई, हे तवाच ठरलंय. आन मी 'चालती' म्हनालो हुतो. 'आपसूक' म्हनालो न्हवतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बस, पोरी. ह्येंचं दात मी मोजल्यात."

आत्या आत गेली. तिनं आता काय करायचं ते ठरवलं असेल असं वाटलं, तर ती दह्याची वाटी घेऊन आली. तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि मनगटावर ओघळलेलं पदरानं पुसलं. मी तिला मिठी मारली. पहिल्यांदाच.

माधवनगरच्या गिरणीसमोर कामगार दोन्ही बाजूंनी उभे राहिले. वडील बैलांना हॉर्न देत होते. सायकलवाले पुढं गेले, पण या खेपेला हसले नाहीत, किंवा मला दिसलं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. कॉलेजच्या फाटकावर शिपायानं अडवलं. बैलगाडी आत न्यायची नाही म्हणाला. आबांनी त्याला खाली वाकून जीपची नंबराची पाटी वाचायला लावली. त्यानं वाचली आणि फाटक उघडलं.

पहिला पेपर सुटला तेव्हा आबा कडुनिंबाखाली बैलांना वैरण घालत होते. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. कासरा सोडवत म्हणाले, "उद्या कवा जुपायची?"